वीस वेळा पाहिलेला व्हिडिओ आणि हातातली पिपेट

आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी येऊ पाहणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलामुलींचे बायोडेटा आधी माझ्याकडे येतात. गाईडना वेळ नसतो, म्हणून. त्यात ‘येत असलेली तंत्रं’ असा एक रकाना असतो आणि हल्ली तो भरगच्च असतो. पीसीआर, एचपीएलसी, वेस्टर्न ब्लॉट, सगळं. मागे एका मुलीला विचारलं, “हे सगळं स्वतः केलं का गं?” ती म्हणाली, “ताई, व्हर्च्युअल लॅबवर केलं. आणि व्हिडिओ तर कितीतरी वेळा पाहिलेत.” ती खोटं बोलत नव्हती. आपल्याला हे येतं असं तिला खरंच वाटत होतं.

मला हसू आलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला होते. पुढची बरीचशी प्रॅक्टिकल्स मी पिपरी मेघेतल्या खोलीत बसून मोबाईलवर ‘केली’. ब्रॅडफर्ड पद्धतीने प्रथिनांचं प्रमाण काढायचं प्रॅक्टिकल मला आजही पाठ आहे. निळा होत जाणारा रंग, ५९५ नॅनोमीटरवरचं रीडिंग, मग आलेख. रीडिंग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच मुलाकडून यायचं आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत तेच उतरायचं. मार्क चांगले पडले.

पीएच.डी.च्या पहिल्या आठवड्यात एका सीनियरने मला वजनकाट्यापुढे उभं केलं. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम भरतं. दहा वेळा पाणी घे, दहा वजनं लिही, म्हणाला. माझी वजनं ९१ पासून १०६ पर्यंत भटकत होती. पिपेट खराब असेल, असं मी म्हणून पाहिलं. त्याने तीच पिपेट घेतली आणि त्याची दहाही वजनं शंभराच्या आसपास आली. अंगठा झटकन सोडला की टिपमध्ये बुडबुडा शिरतो, टिप फार खोल बुडवली की बाहेरून चिकटलेलं पाणीही सोबत येतं, पहिला थांबा कुठे आणि दुसरा कुठे हे अंगठ्याला कळावं लागतं. यातलं एकही वाक्य मला नवीन नव्हतं. सगळं व्हिडिओत ऐकलेलं होतं.

पुढे एक पेपर हाती लागला, तेव्हा कळलं की हा घोटाळा माझा एकटीचा नाही. मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातल्या दोघांनी २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये तो छापला. सहा प्रयोग आहेत. पहिल्यात, टेबलावर भांडी मांडलेली असताना खालचं कापड झटक्यात ओढून काढायचा खेळ दाखवणारा काही सेकंदांचा व्हिडिओ. काहींनी तो एकदा पाहिला, काहींनी वीस वेळा. आणखी काही जणांना व्हिडिओ न दाखवता लेखी कृती वाचायला किंवा नुसता विचार करायला सांगितलं. मग सगळ्यांना विचारलं, तुम्हाला हे कितपत जमेल? जास्त वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला. जास्त वेळ वाचणाऱ्यांचा किंवा विचार करणाऱ्यांचा तसा वाढला नाही.

पुढच्या प्रयोगांत लोकांना ते काम प्रत्यक्ष करायला लावलं. बाण फेकून चकतीवर मारायचा खेळ होता, मायकल जॅक्सनचा मूनवॉकही होता. वीस वेळा पाहणाऱ्यांनी आपल्याला जास्त गुण मिळतील असा अंदाज बांधला, पण कामगिरी एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस झाली नाही. मला सगळ्यात आवडला तो शेवटचा प्रयोग. सर्कशीत उडवून झेलतात तसल्या पिनांचा व्हिडिओ दाखवला आणि नंतर काही जणांच्या हातात त्या पिना नुसत्या धरायला दिल्या. फेकायच्या नाहीत, फक्त धरायच्या. तेवढ्यानेही फाजील आत्मविश्वास खाली आला. वजन हाताला लागलं, बस.

आता हा पेपर ‘व्हिडिओने काही शिकता येत नाही’ अशा मथळ्याने फॉरवर्ड होताना मी पाहिला आहे. तसं तो म्हणत नाही. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे जरा थांबावं. पेपर हाती आला की आपण आधी नमुना किती मोठा ते बघतो. तेही बघा, पण लोकांना काम काय दिलं होतं आणि मोजलं काय, हे त्याच्याही आधी बघा. इथे मोजला आहे तो पहिला प्रयत्न. वीस वेळा पाहून मग महिनाभर सराव केला तर शिकणं लवकर होतं का, हा प्रश्न या प्रयोगांनी विचारलेलाच नाही. दुसरं, ही सगळी हातापायाची कामं आहेत. पिपेट धरणं हे बाण मारण्याच्या जवळचं आहे, म्हणून माझ्यावर ते लागू पडतं असं मी म्हणू शकते. पण स्टँडर्ड कर्व्ह कधी सरळ राहत नाही आणि का, हे समजणं तसं नाही. तिथपर्यंत हा पेपर ताणू नये.

समजण्याच्या बाजूने दुसरा एक पेपर आहे, तो थोडक्यात सांगते. हार्वर्डमधल्या लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला सफाईदार व्याख्यान, दुसऱ्याला तोच मजकूर, पण आधी स्वतः गणितं सोडवून बघायची. चाचणीत दुसरा गट पुढे होता. ‘आज खूप शिकलो’ असं मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना जास्त वाटलं. नेट-सेटच्या तयारीचं दीड पट वेगाने पाहिलेलं यूट्यूब लेक्चर आठवून बघा. किती छान समजलेलं असतं ते.

मग व्हर्च्युअल लॅब. राष्ट्रीय आयसीटी मिशन २००९ मध्ये सुरू झालं, त्याखालचा हा प्रकल्प. आयआयटी, पुण्याचं सीओईपी आणि इतर काही संस्थांनी मिळून त्यावर शेकडो प्रयोग चढवले आहेत, फुकट. प्रयोग उघडला की ठरलेली रांग असते: उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी. हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्या काळात माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तक्रार आहे ती ‘सिम्युलेशन’ या रकान्याबद्दल. मी वापरलेल्या बऱ्याच प्रयोगांत योग्य बटण दाबल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. बुडबुडा शिरायचा नाही, क्युव्हेटवर बोटाचा ठसा उमटायचा नाही, रीडिंग प्रत्येक वेळी स्वच्छ. मी चुकू शकत नव्हते, आणि त्यालाच मी ‘येतं’ समजत होते.

इथेच थांबले असते तर लेख सोपा झाला असता: पडदा वाईट, हात चांगला. पण त्याच्या विरोधातला पुरावा आहे आणि तो दडवणं बरं नाही. कोलोरॅडो विद्यापीठात नोआ फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छापलेला अभ्यास. विद्युत मंडलांच्या प्रॅक्टिकलला एका गटाला खऱ्या तारा, बल्ब, बॅटरी दिल्या, दुसऱ्याला संगणकावरचं फेट सिम्युलेशन. नंतर संकल्पनांच्या प्रश्नांत सिम्युलेशनवाले पुढे राहिले. एवढंच नाही, खरं मंडल जोडून ते कसं चालतं हे समजावून सांगायच्या कामातही तेच सरस ठरले! ज्यांनी खरी तार हातात धरली नव्हती, ते.

हे कसं, यावर मी बरेच दिवस अडकले होते. मग ते सिम्युलेशन स्वतः चालवून पाहिलं (फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत). त्यात इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाहीत. शिवाय त्यात हवं तसं चुकीचं जोडता येतं. शॉर्ट सर्किट केलं तर बॅटरीला आग लागते. मी तीन वेळा लावली. आणि तार जोडायला अंगठ्याची फारशी कारागिरी लागत नाही, पिपेटला लागते. तेव्हा पडदा की हात, हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. साधन मला चुकू देतं का, आणि चूक माझ्या समोर आणून ठेवतं का, हे मी आधी विचारते.

वर्ध्यात राहून हे लिहिताना टकळी आठवणारच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिकवायची ‘नई तालीम’ उभी राहिली. मी तिची भक्त नाही. ती शाळेसाठी होती, विद्यापीठासाठी नाही. मुलांच्या हातकामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला तर परिषदेतच विरोध झाला होता, आणि तो मला योग्य वाटतो. पण टकळीत एक गोष्ट होती. धागा जाड झाला तर दिसतो, जास्त ओढला तर तुटतो, आणि मास्तर यायच्या आत मुलाला कळतं. वजनकाट्यापुढे माझं जे झालं, ते हेच. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालायचं ते याच्या नेमकं उलट होतं. तिथे सगळ्यांचा धागा एकाच जाडीचा.

ग्रुपला दोष देत नाही. तोच ग्रुप दहा जणांची दहा वेगळी वजनं टाकायला वापरता आला असता, आणि मग मध्यमान, प्रमाण विचलन हे संख्याशास्त्राच्या पेपरपुरतं उरलं नसतं. प्रोटोकॉल्स डॉट आयओवर लोक आपली कृती टाकतात आणि खाली दुसरी कोणी लिहिते की या पायरीला आमचं फसलं, तापमान बदलून पाहा. मला अशा एका ओळीतून जेवढं मिळतं तेवढं चकचकीत व्हिडिओतून मिळत नाही. अपयश गोळा करायला ही साधनं फार सोयीची आहेत. आपण त्यांच्यावर उत्तरं गोळा करतो.

पैशाचाही प्रश्न आहेच. स्वयंवरच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट यूजीसीने २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतले, २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत. थिअरीसाठी माझी हरकत नाही, मी स्वतः दोन चांगले कोर्स केले आहेत. ज्या कॉलेजात एचपीएलसी नाही, तिथल्या मुलाला सिम्युलेशन हीच त्या यंत्राची पहिली ओळख असते, आणि ती असावी. पण तिला प्रॅक्टिकलचे मार्क दिले की यंत्र मागायचं कारणच संपतं. आणि मग राहिलेली उणीव कॉलेजच्या नावावर न लागता त्या मुलाच्या नावावर लागते, मुलाखतीत, चार माणसांसमोर.

म्हणून आता बायोडेटा पाठवणाऱ्यांना मी त्या एका रकान्याचे तीन करायला सांगते: पाहिलं, कोणासोबत केलं, एकटीने केलं. पहिला रकाना मोठा असला तर मुलं लाजतात. लाजायचं काही कारण नाही, माझा तर पूर्ण एम.एस्सी.चा त्यातच बसेल. आणि पिपेट, वजनकाटा एवढं जरी कॉलेजात असेल तर दहा वजनं घ्या. अर्धा तास लागतो, रसायन लागत नाही.

त्या मुलीला आम्ही घेतलं. पहिल्या दिवशी तिची दहा वजनं ९४ ते १०३ मध्ये आली, माझ्या पहिल्या दहांपेक्षा बरी. तरी ती बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “ताई, परत दहा घेऊ का?”