पोहण्याच्या तलावाचे रसग्रहण

नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं, आमच्या पुण्यात तर मिसळीचंसुद्धा होतं. पण माणूस आयुष्याची पुंजी ओतून जिथे घर घेतो, तिथल्या अंगणाचं परीक्षण कुणी लिहीत नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूचा पोहण्याचा तलाव आणि त्याच्या काठची बैठक यांचं रसग्रहण मी करायला घेतलं आहे. पुणेकराला परीक्षणाचा मोबदला लागत नाही, आमंत्रणही लागत नाही.

प्रथम नेपथ्य. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद निळा तलाव. भोवती लाकडासारख्या दिसणाऱ्या, पण लाकडाशी काडीचंही नातं नसलेल्या फळ्या. त्यावर उताणं पडायच्या सहा आरामखुर्च्या. चार कोपऱ्यांत चार ताडवर्गीय झाडं. माहितीपत्रकातल्या चित्रात एक गोरी बाई काळा चष्मा लावून ऊन खात पडली होती. ती अजून राहायला आलेली नाही.

आता मला सांगा, ज्या गावातल्या मुली स्कूटरवर बसण्याआधी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवतात, त्या गावात ऊन खायला सहा खुर्च्या? ताडाचा तर प्रश्नच नको. सावली देण्याच्या बाबतीत इतका चिक्कू वृक्ष दुसरा नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की ताडाची पानं पाण्यात पडत नाहीत म्हणून तो लावतात. म्हणजे झाड निवडलं ते पाण्याच्या सोयीने. माणसाचा विचार त्यात कुठे आला?

दुसरा दोष संवादांचा. सहाही खुर्च्या एका रांगेत, एका दिशेला तोंड करून. दोन माणसांनी समोरासमोर बसून तिसऱ्याबद्दल बोलावं अशी एकही जागा नाही! वर फाटकावर पाटी : 'पोहण्याच्या पोशाखाशिवाय आत प्रवेश नाही.' आमच्या शेजारच्या आजी नातू पोहायला शिकतोय म्हणून बघायला गेल्या, तर रखवालदार म्हणाला, "आजी, पोहणार असाल तर आत या." आजी नऊवारीत. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता. मला नुसतं बसायचंय." नुसतं बसण्याची तरतूद आराखड्यात नव्हती. आजी जाळीबाहेर उभ्या राहिल्या आणि नातवाने पहिली लांबी पार केली ती त्यांनी जाळीतून पाहिली.

आता परंपरेकडे वळू. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची. त्या वाड्यातलं हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. नाव हजारी असलं तरी तोट्या हजार भरत नाहीत. जाहिरात तेव्हाही होतीच. पण वाड्याची रीत अशी, की माणूस ओसरीच्या सावलीत आणि पाणी चौकाच्या उन्हात. बसणारा गार राहतो, पाणी चमकतं. आमच्याकडे नेमकं उलट : माणूस उन्हात आणि पाण्याचा पंप सावलीत.

शिवाय ते पाणी एकट्या वाड्याचं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून जमिनीखालच्या नळातून पाणी आणवलं, ते केवळ उताराच्या जोरावर वाहत आलं आणि वाटेत शहरातले हौद भरत गेलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून आपल्या तोंडात आहेत. धन्याच्या कारंज्याबरोबर गल्लीतली घागरही भरत होती. वैभवाने माणूस सुखी होतो असा माझा दावा नाही. सवाई माधवराव १७९५ साली त्याच वाड्यातल्या उंचावरून कोसळून गेले, अवघ्या एकविसाव्या वर्षी. पण हौद पुढेही गावाला पाणी देत राहिले.

आता थोडं गणित. आमचा तलाव सव्वा मीटरच्या आसपास खोल धरला, तर त्यात लाखभर लिटर पाणी बसतं. दहा हजार लिटरचे दहा-अकरा टँकर. एप्रिल-मेमध्ये दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं, तर रोज नऊशे लिटर वाफ. शहरात माणशी १३५ लिटरचा सरकारी हिशेब आहे. म्हणजे जवळजवळ सात माणसांचं रोजचं पाणी आम्ही आकाशाला अर्पण करतो. रात्री नुसती ताडपत्री अंथरली तरी यातलं बरंच वाचेल. पण ताडपत्री चित्रात चांगली दिसत नाही म्हणे.

परीक्षकाने सूचनाही कराव्यात असा संकेत आहे. तलावाच्या पश्चिमेला एक कडुनिंब लावा, म्हणजे दुपारनंतर काठावर सावली पडेल. पश्चिमेचा वारा पानं पाण्यात टाकेल हे खरं, पण ती काढायला जाळीची काठी मिळते. ऊन काढायला काही मिळत नाही. निंबाला पार बांधा. एका बाजूला घाटासारख्या दोन पायऱ्या ठेवा, आजींना पाय सोडून बसता येईल. आणि ती पाटी उतरवा. पुण्यात पाटी उतरवणं हे सर्वांत खर्चिक काम आहे, याची मला जाणीव आहे.

जागा जमली की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. पर्वतीच्या पायथ्याचं तळं आटून कित्येक वर्षं झाली, तिथे सारसबाग झाली. पण तळ्यातला गणपती तळ्यातलाच राहिला आणि माणसं अजून संध्याकाळी तिथे जाऊन बसतात. पाणी गेल्यावरही जिथे बसावंसं वाटतं, ती बैठक खरी.

गेल्या मे महिन्यात पाणीकपात आली तेव्हा आमचा तलाव महिनाभर कोरडा होता. त्या महिन्यात काठावर एक मांजर तेवढं आरामखुर्चीवर उताणं पडलेलं दिसे. पोहण्याच्या पोशाखाबद्दल त्याला कुणी हटकलं नाही.