डॅनियल बून: एका चरित्रातील गाळलेले प्रकरण

अमेरिकेच्या सरहद्दीवर वसाहत करणाऱ्या ज्या पुरुषांची कीर्ती समुद्रापार गेली, त्यांत डॅनियल बून (१७३४–१८२०) याचे नाव अग्रभागी येते. ही कीर्ती त्याला त्याच्या बंदुकीने जितकी मिळवून दिली तितकीच, किंबहुना अधिक, एका पुस्तकाने मिळवून दिली. जॉन फिल्सन नावाच्या एका शाळामास्तराने १७८४ साली डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे केंटकीच्या वर्णनाचे एक लहानसे पुस्तक छापविले आणि त्याच्या पुरवणीत बूनचे साहसवृत्त घातले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर निघाले. बूनविषयी सामान्य वाचकास जे ठाऊक असते त्याचा उगम शोधीत गेल्यास बहुधा या पुरवणीपाशीच येऊन थांबावे लागते. तिने आपल्या नायकास न्याय दिला की नाही, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

पुरवणी प्रथमपुरुषी आहे. बोलतो तो बून; परंतु शब्द फिल्सनचे आहेत, हे चार ओळी वाचताच ध्यानात येते. बूनला लिहितावाचता येत असे; त्याची पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील शुद्धलेखन सर्वस्वी त्याचे स्वतःचे आहे. असा मनुष्य डोंगराचे कडे पाहून पर्सेपोलिस आणि पाल्मिरा यांच्या भग्नावशेषांची आठवण काढील, हे संभवत नाही. तेथे मास्तर बोलतो. आम्हीही याच व्यवसायातले असल्यामुळे या मोहाबद्दल त्याला फार दोष देत नाही. शिवाय फिल्सनच्या नावे केंटकीत हजारो एकर जमिनीचे दावे होते. त्या प्रदेशाकडे वसाहतवाल्यांचा ओघ लागावा हे त्याच्या हिताचे होते. दुसऱ्याच्या तोंडी आपली भाषा घालण्याचा प्रकार चरित्रवाङ्मयास नवा नाही. आमचा आक्षेप त्याहून निराळा आहे.

१७७८ च्या फेब्रुवारीत मीठ काढण्यासाठी गेलेल्या आपल्या टोळीसह बून शॉनी लोकांच्या हाती सापडला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घेतले आणि शेलटोवी, म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. जूनमध्ये पळ काढून चार दिवसांत सुमारे १६० मैल तुडवीत तो बून्सबरोस आला. पाहतो तो घर रिकामे! नवरा मेला असे समजून रिबेका मुलाबाळांसह घोड्यांवर संसार लादून उत्तर कॅरोलिनात माहेरच्या माणसांकडे निघून गेली होती. सप्टेंबरचा वेढा उठल्यावर बून तिला आणावयास गेला. येथे फिल्सनचा बून काय म्हणतो? या जाण्याची आणि कुटुंबासह परत येण्याची हकीकत सांगू गेल्यास एक ग्रंथ होईल, परंतु ती आपल्या प्रयोजनाबाहेरची असल्यामुळे आपण ती बुद्ध्या गाळतो, अशा आशयाचे एक वाक्य टाकून तो मोकळा होतो.

या एका वाक्यात त्या चरित्राची सारी वृत्ती प्रकट झाली आहे, असे आम्हांस वाटते. कुटुंब हे प्रयोजनाबाहेरचे! आणि त्या मौनाच्या सावलीत आणखीही एक गोष्ट झाकली गेली आहे. टोळी शत्रूच्या स्वाधीन केल्याबद्दल त्याच सुमारास बूनवर लष्करी न्यायालयात आरोप ठेवले गेले होते. तो निर्दोष सुटला, इतकेच नव्हे, तर त्याला बढतीही मिळाली. परंतु फिल्सनने या चौकशीचा निर्देशही केलेला नाही. तिची हकीकत आपल्याला डॅनियल ट्राब्यू या समकालीनाच्या आठवणींतून घ्यावी लागते. शेजाऱ्यांनीच ज्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली, तो मनुष्य बायकोमुलांना परत कोणत्या तोंडाने आणतो, हा प्रसंग एखाद्या समर्थ लेखकाला सर्वस्वी पुरला असता.

थोरल्या मुलाच्या मृत्यूचेही तेच. १७७३ च्या ऑक्टोबरात बून प्रथमच सहकुटुंब केंटकीकडे निघाला असता त्याचा सोळा वर्षांचा मुलगा जेम्स मारला गेला. फिल्सनच्या वृत्तान्तात तो चकमकीत पडलेल्यांपैकी एक म्हणून येतो आणि वाक्य पुढे सरकते. वस्तुतः जेम्स मुख्य तांड्यामागून येणाऱ्या एका लहान तुकडीत होता. पहाटे ती निजलेली असतानाच तिच्यावर हल्ला झाला आणि त्याला हालहाल करून मारण्यात आले. हे कळले ते ॲडम नावाच्या एका गुलामामुळे. नदीकाठच्या वाहून आलेल्या लाकडांत लपून त्याने सारे पाहिले होते. रिबेकाने पाठविलेल्या चादरींत प्रेते गुंडाळून पुरली गेली. पुढच्या वसंतात बून एकटाच त्या थडग्यापाशी गेला. आयुष्यात इतका खिन्न आपण कधी झालो नव्हतो असे तो सांगे, अशी घरातील आठवण आहे. एक चादर, एक गुलाम, एक थडगे: पर्सेपोलिसपेक्षा यांत अधिक काव्य आहे.

पुढे या साहसवृत्ताने एकाकी वनचराची प्रतिमा निर्माण केली. बायरनने 'डॉन जुआन'च्या १८२३ मध्ये निघालेल्या आठव्या सर्गात तिला आपल्या वाणीचा साज चढविला. माणसांची गर्दी झाली की बून अधिक पश्चिमेस सरकतो, ही समजूत आजही रूढ आहे. घराण्याचा इतिहास निराळेच सांगतो. आजा जॉर्ज १७१७ साली डेव्हनहून पेनसिल्व्हेनियात आला तो कुटुंबकबिल्यासह. बाप स्क्वायर याला क्वेकर मंडळीने १७४८ मध्ये वाळीत टाकले, कारण मुलाने पंथाबाहेर लग्न केले आणि बापाने त्याबद्दल क्षमा मागण्यास नकार दिला. १७५० च्या सुमारास सारे बिऱ्हाड दक्षिणेस निघाले. स्वतः डॅनियलने १७९९ मध्ये केंटकी सोडली ती कर्जांमुळे आणि सदोष दस्तऐवजांपायी गमावलेल्या जमिनींमुळे. तो मोजणीदार होता. इतरांच्या सीमा आखणाऱ्याची स्वतःची सीमा कोर्टात टिकली नाही! मिसूरीत स्पॅनिश सरकारने दिलेली जमीनही मुलूख अमेरिकेकडे आल्यावर गेली. काँग्रेसने १८१४ मध्ये ती परत दिली आणि ती विकून त्याने देणी फेडली. तो वारला तो धाकट्या मुलाच्या, नेथनच्या घरी.

या नेथनला व त्याची पत्नी ऑलिव्ह हिला लायमन ड्रेपर नावाचा संशोधक १८५१ साली भेटला. त्याने प्रश्न विचारून उत्तरे टिपून घेतली. ही टिपणे ग्रंथरूपाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. गाळलेल्या ग्रंथाची काही पाने आपल्याला सापडतात ती येथे. ती निर्दोष आहेत असे मात्र नव्हे. मुलगा बापाची बाजू राखून बोलतो आणि ड्रेपर स्वतः वीरपूजक होता. त्याने आयुष्यभर कागद जमविले, पण बूनचे चरित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. शॉनींचे म्हणणे तर दोन्हीकडे नाहीच. त्यांची शिकारीची भूमी १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय लोकांनी परस्पर इंग्रजांस देऊन टाकली होती, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ज्याला फिल्सन ओसाड अरण्य म्हणतो ते ओसाड नव्हते हे कळते.

आपल्याकडील कुलवृत्तांत चाळणाऱ्यास यात नवल वाटू नये. तेथेही पुरुषांच्या नावापुढे 'भार्या' म्हणून एक नाव येते, कधी तेही येत नाही, आणि स्थलांतराचे कारण 'चरितार्थासाठी' या एका शब्दात आटोपते. फिल्सनच्या पुरवणीत रिबेका 'माझी पत्नी' एवढीच आहे. तिने दहा मुले वाढविली, त्यांतील जेम्स आणि इझ्रेल हे दोघे सरहद्दीच्या लढ्यात गमावले, आणि १८१३ मध्ये ती वारली. तिला लिहिता येत नव्हते.

१८४५ मध्ये केंटकीच्या कायदेमंडळाने दोघांचे अवशेष मिसूरीतून आणवून फ्रँकफर्ट येथे पुरले. ते अवशेष खरोखर बूनचेच होते काय याविषयी वाद आहे. त्या जागी पुढे जो स्तंभ उभारण्यात आला त्यावर चार शिल्पपट आहेत. त्यांपैकी एकावर गाईची धार काढणारी एक स्त्री कोरलेली आहे; ती रिबेका, असे सांगतात.