पवनीचें उत्खनन : परीक्षण

भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगातीरस्थ पवनी येथील १९६९-७० सालच्या उत्खननाचा डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी यांचा इंग्रजी वृत्तान्त १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीवरील स्तूप व दात्यांचे ब्राह्मी लेख यांमुळें वाकाटकपूर्व विदर्भ दृष्टिपथांत आला, हें त्याचें श्रेय निर्विवाद होय. तथापि लेखांत नाहीं तें त्याच्या मुखीं घालूं नये. पवनीसच सांपडलेल्या महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या छायास्तंभावरून विदर्भावर क्षत्रपांची सत्ता होती, हें कांहीं विद्वानांचें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. छायास्तंभ हें मृताचें स्मारक, राजशासन नव्हे. स्वतंत्र दुजोऱ्यावांचून तो तर्कच समजावा. संग्राहकांनींही लेखयुक्त पाषाण मूळ जागेवरून हलवूं नये; स्थानभ्रष्ट लेखाचें अर्धें प्रामाण्य नष्ट होतें.