‘रागा जॅझ स्टाइल’ : चौकट आणि उपज

चित्रपटसंगीतकार शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत ११ रागांवर आधारित रचना आहेत. रईस खाँ यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हे तिचे बलस्थान होय. सॅक्सोफोनवरही मींड साधता येत असल्याने तो रागाला परका वाटत नाही. तथापि अल्प अवधी आणि आधीच बांधलेला वाद्यमेळ यांमुळे राग ओळखता येतो, उलगडत मात्र नाही. त्याच दशकात जॉन कोलट्रेन यांनी एका स्वराधारावर दीर्घ उपज करून जॅझला रागविस्ताराच्या जवळ नेले होते. त्या प्रायोगिक वाटेऐवजी येथे लोकप्रिय चौकट स्वीकारली गेली. परिणामी दोन परंपरांचा समन्वय बव्हंशी नादरंगापुरता राहतो, असे म्हणावे लागते.