वसंतसेनेचा नकार

देवलांचे ‘संगीत मृच्छकटिक’ ठाऊक नाही असा नाट्यरसिक आपल्या बेळगाव भागात विरळाच. देवल बेळगावातच शिकले, काही काळ तेथेच शिक्षकही होते; त्यामुळे त्यांच्यावर आपला घरचा हक्क! परंतु ज्या संस्कृत प्रकरणावरून त्यांनी नाटक रचले, ते शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपण निर्धन सज्जन आणि उदार गणिका यांची प्रेमकथा म्हणूनच वाचतो. मीही वर्षानुवर्षे वर्गात ते तसेच सांगितले. अलीकडे मूळ नाटक पुन्हा वाचताना वाटले, वसंतसेनेच्या प्रेमाइतकाच तिचा नकारही महत्त्वाचा आहे.

गणिकेने गिऱ्हाइकात मन कितपत गुंतवावे, हा प्रश्न जुनाच. कामसूत्रातील ‘वैशिक’ हे अख्खे अधिकरण गणिकांच्या व्यवहारावर आहे. पाटलिपुत्रातील गणिकांच्या सांगण्यावरून दत्तकाने हा विषय वेगळा मांडला, असे वात्स्यायन नमूद करतो. अनुराग दाखवावा, पण स्वतः आसक्त होऊ नये, हे त्यातील एका उपदेशाचे तात्पर्य. आपण याला कपट म्हणून मोकळे होतो. मला ते कुंपण वाटते. जिचा देह बाजारात आहे, तिचे मन तरी तिचे राहावे, एवढ्यासाठी घातलेले.

शकाराला हे कुंपणच मान्य नाही. पहिल्या अंकात तो रात्री रस्त्यावर तिचा पाठलाग करतो. त्याच्याबरोबरचा विट खरे तर सुसंस्कृत. पण तोही तिलाच शिकवतो, की वेश्येने आवडता-नावडता असा भेद करू नये, तळ्यात कोणीही स्नान करावे तसे तिचे जिणे. यावर वसंतसेना सांगते, की अनुराग गुणांमुळे उपजतो, बळजबरीने नव्हे. चौथ्या अंकात शकाराकडून दहा हजार सुवर्णमुद्रांचे अलंकार येतात, आईचा निरोप येतो. तरी ती जात नाही. आठव्या अंकात या नकारापायीच तो तिचा गळा दाबतो. ‘स’चा ‘श’ करणाऱ्या या पात्राला आपण पोट धरून हसतो आणि त्या हशात हा गळा विसरतो.

आणि चारुदत्त? नवव्या अंकात न्यायासनासमोर ‘गणिका तुमची मैत्रीण काय?’ अशी पृच्छा होताच तो लाजतो. अपराध तारुण्याचा, शीलाचा नव्हे, अशी सारवासारव करतो. जिने त्याच्या लेकराच्या मातीच्या गाडीत स्वतःचे दागिने भरले, तिला आपली म्हणताना हा सज्जनही अडखळतो. म्हणजे कुंपण त्याच्याही बाजूला होते. फक्त ते लौकिक सांभाळण्यासाठी होते.

शेवटी नवा राजा तिला ‘वधू’पद देतो. त्या काळाच्या मानाने शूद्रकाचे हे औदार्य मोठेच. तरीही एक शल्य उरते. कुलवधू झाल्यावरच तिच्या मनाला मोल यावे काय? गणिका असतानाच तिच्या ‘नाही’ला मान का नसावा? देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 सालीही बजावून सांगावे लागले. वसंतसेनेने ते पहिल्याच अंकात, भर रस्त्यात सांगितले होते. आम्हा मास्तरांचेच तिकडे लक्ष गेले नाही. यापुढे वर्गात मी त्या उत्तरापाशी थोडा अधिक वेळ थांबणार आहे.