वाट दाखवणारा, वाट सोडवणारा

दिवाळीच्या सुमारास वडवणीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांची वाट मुकादम ठरवतो. उचल घेतली तेव्हाच पाय बांधले गेलेले असतात. हे दरवर्षी पाहत असल्याने झेनमधल्या निरुद्देश भटकंतीचे कौतुक मला सहज करवत नाही. तरी दहाव्या शतकातील चिनी भिक्षू फायानची कथा मनातून जात नाही. यात्रेचा हेतू विचारल्यावर तो ‘ठाऊक नाही’ म्हणाला आणि गुरू दिझांगने त्या न जाणण्यालाच सर्वांत जवळचे मानले.

आपल्याकडची नामदेवांची कथा वरवर याच्या उलट. गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवल्यावर ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. गुरूवाचून तरणोपाय नाही, एवढाच तिचा अर्थ सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी देव नसलेली जागा दाखवायला सांगितली. म्हणजे त्यांनी नवा मुक्काम दिला नाही. देव एकाच ठिकाणी असतो ही समजूत काढून घेतली. पुढे परंपरेनुसार नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले; गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

वाट मुकादमही दाखवतो. गुरूची पारख एकच: भेटीनंतर आपले पाय मोकळे झाले का?