प्रत्यारोपणोत्तर लिम्फोमासदृश विकार आणि प्रतिमेचे प्रामाण्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे एपस्टीन-बार विषाणूवरील नियंत्रण सुटून काही रुग्णांत लसिकापेशींची अनिर्बंध वाढ होते. ही औषधे कमी केल्यास अशा काही गाठी विरघळतात, हे थॉमस स्टार्झल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. परंतु औषधे कमी केली तर अवयव गमावण्याचे भय आणि न केली तर गाठ वाढण्याचे. म्हणून येथे अचूक निदानाचे मोल विशेष आहे. प्रस्तुत लेखात या निदानातील पेट-सीटी प्रतिमेच्या प्रामाण्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
पेट-सीटीची उपयुक्तता नाकारता येत नाही. हा विकार आतडे, यकृत, फुफ्फुस किंवा खुद्द प्रत्यारोपित अवयव अशा लसिकाग्रंथींबाहेरील ठिकाणी वारंवार आढळतो. संपूर्ण शरीराचे एकत्रित चित्र त्याचा विस्तार दाखवते आणि बायॉप्सी कोठून घ्यावी हेही सुचवते. तथापि, प्रतिमेत दिसते ते पेशींनी शोषलेले किरणोत्सारी ग्लुकोज. रोगाचे नाव नव्हे. क्षयरोगाच्या गाठीही तशाच उजळतात. भारतासारख्या क्षयरोगप्रवण देशात ही गफलत केवळ तात्त्विक राहत नाही. याउलट मेंदू मुळातच विपुल ग्लुकोज वापरतो आणि मूत्रपिंडे हे द्रव्य उत्सर्जित करतात; त्यामुळे तेथील गाठ उजेडातच लपू शकते. मेंदूसाठी म्हणूनच एमआरआयचा आधार घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप मापदंडाविषयी आहे. २०१४ च्या लुगानो वर्गीकरणात उपचारांचा प्रतिसाद डोव्हिल पंचश्रेणीने मोजला जातो. तीत गाठीचा उजळपणा छातीच्या मध्यभागातील रक्त आणि यकृत यांच्याशी ताडतात. हे निकष सर्वसाधारण लिम्फोमासाठी घडविले गेले. मात्र ज्या रुग्णात यकृतच प्रत्यारोपित असून विकारग्रस्त असण्याचा संभव आहे, तेथे ज्याने मोजायचे तेच संशयास्पद ठरते. मापदंड उसना घेताना त्यामागील गृहीतकेही तपासली पाहिजेत.

निष्कर्ष :
प्रतिमा ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर देते; ‘काय’ याचे उत्तर ऊतीपरीक्षणच देऊ शकते. प्रतिमेला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. औषधे कमी करण्याचा निर्णय प्रतिमा, ऊती आणि विषाणूचे रक्तातील प्रमाण यांच्या एकत्रित विचारातूनच व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.